मागची चूल

त्या वर्षी द्राक्षाला भाव नव्हता. नदीकाठचे मालक उभ्या बागा उपटून टाकत होते. ट्रॅक्टरला साखळी लावून जुनी खोडं मुळासकट ओढायची आणि बांधाला ढीग घालायचे. ज्या बागा उरल्या त्यांची छाटणी थंडीत सुरू झाली, पण माणसं जास्त आणि ओळी कमी, अशी गत होती. मोसेसे मुकादमाच्या टोळीत नाव असणं हेच मोठं. लोसा आणि तिचा नवरा सेमिसी, दोघंही त्या टोळीत होते, कारण मोसेसे सेमिसीचा थोरला चुलतभाऊ.

सकाळी तारांवर दव गोठलेलं असायचं. कात्रीचा दांडा हातमोज्यातूनही बोटांना चावायचा. लोसा वेलीपुढे उभी राहायची, चांगल्या काड्या नजरेने हेरायची, बाकीच्या कापायची आणि तारेत गुंतलेली जाळी दोन्ही हातांनी ओढून खाली पाडायची. ओढताना एखादी काडी उलटून गालावर फटका मारायची. मग राखलेल्या काड्या वाकवून तारेला पिळायच्या. जोर जास्त झाला तर काडी मोडते, कमी झाला तर सुटते. दुपारपर्यंत मनगट सुजून यायचं.

बाप गेल्याचं तिला ओळीतच कळलं होतं. खिशात फोन थरथरला. माहेराहून, समुद्रापलीकडच्या हापाईच्या बेटावरून भाऊ बोलत होता. तिने ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला, हातातली वेल पुरी केली आणि मग तिथेच कापलेल्या काड्यांवर बसली.

जाणं शक्य नव्हतं. तिचे राहण्याचे कागद कचेरीत अडकले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं नसतं. बापाची माती तिने फोनवर पाहिली, बागेच्या टोकाला गाडी लावून, कारण तिथे फोन लागायचा. पडद्यावर बापाच्या उशाशी त्याच्या बहिणी बसल्या होत्या, तलम चटयांवर, ताठ. भाऊ दिसत नव्हता. वहिनी दिसत नव्हती. ते दिसणारच नव्हते. मेलेल्याच्या बहिणी पुढे बसतात, त्याची पोरं मागे चुलीशी असतात. राबतात, भांडी घासतात, पुढच्यांना वाढतात. लोसाची जागा पडद्याबाहेर नेमकी कुठे होती ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. विलायती फणसाच्या झाडाखाली, धुरात, वहिनीच्या डाव्या बाजूला.

तिकडे बेटावर, गावच्या चर्चमध्ये बाजा नव्हता. कुणीतरी एकाने गाणं उचलायचं आणि मग सगळ्यांनी आपापल्या पट्टीत शिरायचं. उभ्या जन्मात ते उचलायचं काम तिच्या बापाने केलं होतं. त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी उचललं. दुसरी ओळ सुरू झाली आणि चित्र थिजलं.

तिने घरातली जमिनीवरची जुनी चटई काढली. फाटलेली, कडा विसविसलेल्या. काळ्या कपड्यांवर ती कमरेला गुंडाळली आणि वरून दोरी आवळली. बाप मेलेल्या मुलीने बांधायची असते तशी.

मोसेसेचं चर्च म्हणजे फळं भरायचं जुनं गोदाम. आत गिटार, मोठा ढोल, रंगीत दिवे आणि भिंतीवर उजेडात उमटणारे गाण्याचे शब्द. सेमिसी आणि लोसा टोळीत आल्यापासून तिथेच जात होते. त्यांची मुलगी लेसी ढोलाजवळची जागा धरायला धावत सुटायची.

मातीनंतरच्या रविवारी पास्टरने लोसाला पुढे बोलावलं. तो तरुण होता, मनाने चांगला होता. "ताई," तो म्हणाला, "तुमचे वडील आज आनंदात आहेत. आणि तुम्ही हे फाटकं ओझं कमरेला बांधून फिरता? उतरवा ते." त्याच्या बायकोने हलक्या हाताने दोरीची गाठ सोडली. चटई घडी करून खुर्चीवर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका एकामागून एक येऊन तिला मिठीत घेत होत्या, कुणी गळ्यात पांढऱ्या फुलांची माळ घातली. कुणाच्याही मनात खोट नव्हती. ह्याच बायकांनी आठवडाभर तिच्या दारात शिजलेल्या अन्नाची पातेली आणून ठेवली होती.

लोसाला चारचौघांत वस्त्र फिटल्यासारखं झालं. ढोल सुरू झाला. तिने तोंड हलवलं. आत काहीच नव्हतं.

घरी येताना सेमिसीने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. ढोल फार मोठा आहे."

"ढोल आधीही तेवढाच होता."

पुढच्या रविवारी ती सेमिसी आणि लेसीला घेऊन इथल्या गावातल्या दगडी चर्चमध्ये गेली. तिथे इंग्रजी बोलणारी म्हातारी माणसं, मोजकीच. जोन नावाच्या बाईंनी तिला दारातच हाताला धरलं, पहिल्या बाकावर बसवलं आणि गुडघ्यांवर विणलेली शाल घातली. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तशा आवाजात ते गात होते. प्रार्थनेत त्यांनी तिच्या बापाचं नाव घेतलं, चुकीचं, पण सावकाश आणि जपून. नंतर चहा झाला. लोसाने कप गोळा केले आणि ती मोरीकडे निघाली, तर जोनबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतले.

"छे छे, तू बस बरं. तुझे वडील गेलेत. आज तू कशालाही हात लावायचा नाही."

त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले होते. नवरा गेला तेव्हा आपल्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. लोसाने त्यांचा हात दाबला. मग बसली. मांडीवरचे आपलेच हात तिला परक्या घरी आणून सोडलेल्या पोरांसारखे वाटत होते.

गाडीत ती म्हणाली, "फार चांगली माणसं आहेत."

"मग तिथे जायचं का?" सेमिसीने विचारलं.

"नको. तिथे मी पाहुणी आहे."

मागून लेसी म्हणाली, "बिस्किटं बरी होती पण."

सोमवारी मोसेसे ओळी वाटून देत होता. सेमिसीचं नाव आलं तसा तो थांबला.

"काय लोसा, इंग्रजांच्यात पीक बरं येतं वाटतं देवाचं?"

टोळी हसली. लोसाने कात्री पुसली.

"तसं नाही, मोसेसेदादा."

"आमचा ढोल कानाला लागतो म्हणे तुमच्या."

"तसंही नाही."

"मग रविवारी दिसा. टोळी म्हणजे एक घर. आपलं माणूस शेजारच्या दारात जेवायला लागलं की वाटतं, आपल्या स्वयंपाकात काय कमी पडलं." हे तो हसून म्हणाला, पण त्याला लागलं होतं हे दिसत होतं. मग त्याने हात केला. "नदीकडचा तुकडा तुमचा."

नदीकडचा तुकडा म्हणजे खारवट जमीन आणि गेल्या साली कुणी न छाटलेल्या वेली. काड्या एकमेकींत अशा गुरफटलेल्या की कात्री शिरायची नाही. दुपारपर्यंत त्यांची एक ओळही पुरी झाली नाही. दोन्ही बाजूंची माणसं पुढे निघून गेली.

"ह्या रविवारी गोदामात जाऊ," सेमिसी म्हणाला. "तू नुसती उभी राहा. गाऊ नकोस."

"उभं राहणं होत नाही मला."

"मग त्याला काय सांगू मी? पुढच्या महिन्यात ओळी आणखी कमी होणार. कुणाचं नाव गाळायचं ते तो ठरवणार."

लोसा काडी ओढत होती. काडी सुटेना. तिने पाय खोडाला लावून ओढली तशी ती सगळी जाळी तिच्या अंगावर आली. त्यातून बाहेर पडून ती म्हणाली, "बाबांसाठी मी काहीही केलेलं नाही, सेमिसी. एक भांडंसुद्धा विसळलेलं नाही. जाईन तिथे सगळे म्हणतात बस. बसून बसून मला वेड लागेल."

सेमिसीने तिच्या केसांतल्या काटक्या काढल्या.

"एक रविवार दे मला," ती म्हणाली. "त्यानंतर तू म्हणशील तिथे."

पलीकडच्या ओळीत पाउला नावाचा म्हातारा छाटत होता. टोळीत सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत नीट काम त्याचं. तारांमधून त्याने डोकं काढलं.

"नदीपलीकडे या आमच्यात. ढोल नाही, दिवे नाहीत, बिस्किटं नाहीत."

"मग आहे काय?" सेमिसी म्हणाला.

"तोआकासेबाई आहे. सगळ्यांना शिव्या घालते. पास्टरलासुद्धा."

"चर्चमध्ये?"

"प्रार्थनेआधी. नंतर नाही."

नदीपलीकडचं चर्च म्हणजे एके काळी मजूर राहायचे ते पत्र्याचं लांबट घर. बाकं कुठून कुठून आणलेली, एकाची उंची दुसऱ्याला जुळत नव्हती. मागच्या अंगणात जमिनीतली भट्टी धुमसत होती आणि भांड्यांचा खणखणाट आतपर्यंत येत होता. लोसाने घडी घातलेली चटई पुन्हा कमरेला बांधली होती. तिघं मधल्या बाकावर बसली.

अगदी पुढे एक म्हातारी बसली होती. अवजड देह, सुजलेले गुडघे, काळा पोशाख आणि कमरेला बारीक विणीची तलम चटई. तिने मान वळवली. लोसाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिची नजर कमरेशी थांबली.

"कुणाची गं तू?"

"तालियाईची. हापाईच्या—"

"कुठला तालियाई? गाणं उचलायचा तो? डाव्या पायाने लंगडायचा?"

"हो."

बाकांवरची कुजबुज थांबली. म्हातारी बाकावर पुरती वळली.

"त्याचा बाप माझा सख्खा मामा," ती म्हणाली.

लोसाने मनात नातं जुळवलं. म्हणजे ही बापाची आतेबहीण. म्हणजे आपली आत्या. आणि नुसती आत्या नाही. आतेकडची लेक सख्ख्या बहिणींहूनही वरची, म्हणून बापाच्या उशाशी बसायचा पहिला मान हिचाच. तिथे पुढे बसलेल्या सगळ्यांच्याही आधी हिचा.

"मातीला गेलीस?"

"नाही. कागद अडकले होते."

"मीही नाही. माझे गुडघे अडकले." कुणी हसलं नाही. म्हातारीचा आवाज एकदम चढला. "मग इथे काय करतेस तू? बाप मेलाय तुझा, आणि माझ्यासमोर बाकावर टेकून बसलीस? कुणी शिकवलं हे? ऊठ. मागे जा. भांड्यांचा ढीग पडलाय तिकडे."

सगळं चर्च पाहत होतं. सेमिसीचे कान लाल झाले. तो अर्धवट उठून म्हणाला, "आत्याबाई, ती आठवडाभर बागेत—"

"तू जावई का?"

"हो."

"मग तू का बसलास? भट्टीला लाकडं मी लावू?"

सेमिसी पुरता उठला. लेसी बाकाला घट्ट धरून बसली होती. म्हातारीने तिला बोटाने जवळ बोलावलं. "तू ये इकडे. माझे गुडघे चेप. जोर आहे का हातात?"

लोसा उठली. बाकांच्या मधून मागच्या दाराकडे जाताना तिने मान खाली घातली होती. लोक तिची कीव करत होते की नाही, तिने पाहिलं नाही. तिचे पाय हलके झाले होते.

मागे कुणी मिठी मारली नाही. एका बाईने काळंकुट्ट पातेलं पायाने तिच्याकडे सरकवलं. "नवी का? खालून घास, वरून चालेल. मग तो अळू सोल."

लोसा जमिनीवर बसली. राख आणि पाणी घेऊन पातेलं घासायला लागली. राख नखांत शिरली. चटईची कड ओल्या राखेत लोळून काळी झाली. अळूचे कंद सोलताना हात खाजायला लागले, कोपरापर्यंत, लहानपणी खाजायचे तसे. वारा फिरला की भट्टीचा धूर सरळ तोंडावर यायचा आणि सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहायचं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तिने अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध बांधलं, पुड्या सेमिसीच्या हातात दिल्या, त्याने त्या तापल्या दगडांवर रचल्या आणि वरून माती ओढली. त्याच्या रविवारच्या सदऱ्यावर कोळशाची पाच बोटं उमटली होती.

"मला वाटलं आपण प्रार्थनेला आलोय," तो म्हणाला.

"गप. माती नीट दाब. वाफ जाते आहे."

आत शांतता झाली. मग पाउलाने गाणं उचललं. त्याचा आवाज फाटका होता आणि फार खालून उचललं होतं. क्षणभर ते एकटंच लटकत राहिलं. मग बायकांची पट्टी त्याच्यावर चढली, मागून पुरुष आले आणि पत्र्याच्या भिंती गुणगुणायला लागल्या. मागच्या बायकांनी काम थांबवलं नाही. कुणी घासता घासता गात होती, कुणी चिरता चिरता. लोसाने पातेल्यात हात तसेच ठेवले. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज आला. तो चांगला नव्हता. घोगरा होता, मधेच तुटत होता, आणि शेजारच्या बाईने तिच्याकडे वळूनही न पाहता आपला आवाज थोडा चढवून तिला आत घेतलं.

पहिलं ताट आत्याकडे गेलं. लोसा मागच्या दारात खाली बसून राहिली.

"ह्यात मीठ कमी आहे," आतून आवाज आला. "कुणी बांधलं?"

"मी."

"तुझ्या आजीच्या हातालाही मीठ नव्हतं. पुढच्या रविवारी जास्त घाल."

पुढच्या रविवारी, असं ती म्हणाली होती. लोसाने ते शब्द मनात पुन्हा ऐकले. खाजणारे हात तिने ओच्यात धरले आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले; बाप गेल्यानंतर पहिल्यांदाच.

सोमवारी मोसेसे सरळ सेमिसीसमोर येऊन उभा राहिला.

"काल पण नाही दिसलात."

"हिची आत्या सापडली, दादा. नदीपलीकडे. हिच्या वडिलांची आतेबहीण."

"बरं. मग?"

"तिने हिला मागे घातलंय."

मोसेसेच्या तोंडावरचं हसू गेलं. "मागे म्हणजे? भांड्यांना?"

"हो. मला भट्टीला."

मोसेसेने बुटाच्या टोकाने एक कापलेली काडी बाजूला सारली. गोदामात गाठ सुटली तेव्हा पहिली टाळी त्याचीच होती.

"आधी सांगायचं नाही का," तो म्हणाला.

"आम्हालाच कुठे ठाऊक होतं."

रविवारी तो आला. पांढराशुभ्र पोशाख, खांद्यावर अळूच्या कंदांचं पोतं. मागच्या दाराशी पोतं टेकवून तो निघणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आहे रे तो बगळा?"

"जावयाचा भाऊ, आत्याबाई," पाउला म्हणाला. "आमचा मुकादम."

"जावयाचा भाऊ ना? मग उभा काय? फुंकर मार त्या भट्टीला. धूर आत येतोय माझ्या."

मोसेसेने सेमिसीकडे पाहिलं. सेमिसीने आकाशाकडे पाहिलं. मग मुकादम हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवा झाला आणि भट्टीत फुंकायला लागला. राख उडून त्याच्या मिश्यांवर बसली. टोळीतले जे तिथे होते ते अळू सोलण्यात फारच गुंतले.

त्यानंतर तो आपल्या गोदामातच जात राहिला, पण अळूचं पोतं दर शनिवारी लोसाच्या दारात यायला लागलं. ओळी सगळ्यांना मिळायच्या तशाच मिळाल्या. ना बऱ्या, ना वाईट. त्यांचं नाव गाळलं गेलं नाही.

छाटणी सरत आली. पिळलेल्या काड्यांवरचे डोळे फुगून कापसासारखे दिसायला लागले. एका रविवारी जेवणं झाल्यावर आत्याने लोसाला आत हाक मारली. आत दुसरं कुणी नव्हतं. लोसा तिच्या पायांशी खाली बसली.

"आता पुरे," आत्या म्हणाली. "पुढच्या रविवारपासून आत बस. बाकावर."

"आत्या, अजून थोडे दिवस राहू दे मला मागे."

"का? पाठ मोडली नाही का अजून?"

"मला बरं वाटतं तिथे."

आत्या गुडघे चोळत राहिली. बाहेर सेमिसी आणि पाउला कशावरून तरी भांडत होते, लेसी हसत होती.

"तो गेल्याचं कळलं," आत्या हळूच म्हणाली, "त्या रविवारी मी इथेच बसले होते. काळे कपडे घातले. चटई बांधली. सगळे येऊन म्हणाले, तोआकासे, तुझा मामेभाऊ गेला, तुझा मान मोठा. मी म्हटलं हो." ती थांबली. "पण त्याचं एकही माणूस माझ्या मागे नव्हतं. मान कसला? काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसली होती, एवढंच. रडूसुद्धा आलं नाही मला."

आत्याने कमरेच्या चटईची कड सारखी केली.

"तुला ऊठ म्हटलं ना, तेव्हा वाटलं, ही काही उठत नाही. इथे ह्या देशात कोण ऐकतं. ही पोरगी नवऱ्याचा हात धरून गाडीत बसेल आणि निघून जाईल. माझं तोंड आधी चालतं, डोकं मागून."

"मी उठले की."

"उठलीस." आत्याने नाक पुसलं. "तू मागे गेलीस, भांडी वाजायला लागली, आणि मग मला रडता आलं. तुझ्या पोरीने पाहिलं. तिला म्हटलं, गुडघे दुखतात."

लोसाने आत्याच्या पायांवर हात ठेवले. अळूने त्या हातांना भेगा पडल्या होत्या. आत्याने एकदा त्या हातांकडे पाहिलं, मग शेजारचं उष्टं ताट उचलून त्यांवर ठेवलं.

"राहायचंय ना मागे? मग बसून काय राहिलीस? जा."

लोसा ताट घेऊन उठली. मागे पाणी तापलं होतं.